बिनआवाजाची भाडेकरू

मागावर उभा असलेला माणूस कापडाकडे बघत नाही, धाग्याकडे बघतो. कापड आपलं आपण रुळावर गुंडाळत जातं. पाळी संपल्यावर वळून बघावं, तर हे एवढं झालेलं! किस्स्यांचंही तसंच आहे. घडत असतात तेव्हा आपण नातीचा हातमोजा शोध, कोथिंबीर निवड, यात असतो. मग एक दिवस कुणीतरी विचारतं, "काय हो, तुमच्या त्या एलरीचं काय झालं?" आणि बघतो तर गुंडाळी भलतीच जाड झालेली असते!

विचारणारे म्हणजे आमच्या बाकावरचे. म्युनिकच्या आमच्या वस्तीत मुलांच्या मैदानाशेजारी एक लांब बाक आहे. मुलं-सुना ऑफिसला, नातवंडं घसरगुंडीवर, आणि महाराष्ट्रातून आलेले आम्ही आई-बाप त्या बाकावर. मी इचलकरंजीचा. सहावी झाली आणि यंत्रमागावर लागलो. सगळं आयुष्य त्या खटखटाटात गेलं. तिथे बोललेलं कुणाला ऐकू जात नाही, त्यामुळे बोलायची सवय कमी. बोललो तरी हळू. बाकावरचे जोगळेकर साहेब, पुण्याचे, बँकेतून रिटायर झालेले, म्हणतात, "तुमचं एक वाक्य संपेपर्यंत इथला उन्हाळा संपतो!"

तरी सांगतो. घाई असेल त्यांनी एस-बान, म्हणजे इथली लोकल, पकडावी.

*

माझा मुलगा संदीप इथे सॉफ्टवेअरमध्ये आहे. आम्हा दोघांना राहायला आणायचं म्हणून त्याने मोठं घर घेतलं, आणि त्याचं भाडं झेपावं म्हणून घरमालकाला विचारून एक खोली पोटभाड्याने द्यायची ठरवली. रविवारी माणसं खोली बघायला आली. त्यात ही एलरी. तांबूस केस, पंचविशीच्या आतबाहेरची, पाठीवर पिशवी आणि चेहऱ्यावर "इथेही नाहीच म्हणणार" असा भाव.

संदीपने विचारलं, "काय करता?"

ती म्हणाली, "कंपोजर आहे. ऑर्केस्ट्रासाठी संगीत रचते."

संदीपचा चेहरा पडला. खाली फ्राऊ हूबर राहतात. दुपारी आणि रविवारी रुहेत्साइट, म्हणजे शांततेची वेळ. त्या वेळात आमच्याकडे चमचा पडला तरी बाई वर येतात. "पियानो आणणार?" त्याने विचारलं.

"नाही."

"व्हायोलिन?"

"नाही."

"मग संगीत करता कसं?"

ती म्हणाली, "मी आवाज करत नाही. मी लिहिते!"

सून मृणाल मला आणि माझ्या बायकोला सगळं मराठीत सांगत होती. बायको, म्हणजे सुमन, हे कंपोजर-बिंपोजर ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "ते राहू दे. जेवते काय ते विचार."

मृणालने विचारलं. ती म्हणाली, "काहीही."

"मग ठेवून घ्या," सुमन म्हणाली. मुलाखत संपली.

*

मी मात्र खूश होतो. म्हटलं, आता घरात गाणं-बजावणं होणार. पहिले काही दिवस तिच्या खोलीसमोर खुर्ची टाकून बसलो. आत काही नाही. दाराला कान लावला. कागदावर पेन्सिल घासल्यासारखा आवाज, मग खोडरबर, मग काही नाही.

मी मृणालला विचारलं, "पोरगी संगीत करते का हिशेब करते?"

मृणालने तिला विचारलं. एलरी बाहेर आली, कपाळावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "सगळं इथे वाजतं. मोठ्याने वाजतं. कधी कधी मला कान झाकावेसे वाटतात."

मी म्हटलं, बरोबर आहे. मागावरून घरी आल्यावर आमच्याही डोक्यात रात्रभर तेच चालायचं.

महिनाभराने एका रविवारी दुपारी फ्राऊ हूबर वर आल्या. दारातच म्हणाल्या, "हे बघा, ती संगीतवाली राहायला आल्यापासून फार आवाज येतो. आत्ताही येतोय. हे कसलं आधुनिक संगीत! नुसतं ठोकाठोक!"

एलरी त्या वेळी घरातच नव्हती. स्वयंपाकघरात सुमन खाली बसून खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटत होती.

संध्याकाळी एलरी आली तेव्हा संदीपने तिची माफी मागितली. म्हणाला, "आमच्यामुळे तुझं नाव खराब झालं."

ती हसून हसून जमिनीवर बसली. म्हणाली, "जर्मनीतला माझा पहिला रिव्ह्यू! आणि तोही मी न लिहिलेल्या संगीताला!"

*

आता मुख्य गोष्ट. त्या पोरीला एका वर्षाची मुदत होती. ती ब्रिटनहून आलेली, त्यामुळे आपल्यासारखा तिलाही इथे राहायला परवाना लागतो. ज्या दिवशी आम्हा म्हाताऱ्यांचं कार्ड काढायला आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परक्या माणसांच्या कचेरीत, गेलो, त्याच दिवशी तिचीही तारीख होती. एकाच रांगेत उभे. पुढे ती, मागे मी, माझ्यामागे सुमन, सोबत संदीप.

मला मोठी गंमत वाटली. माझ्या वडिलांनी गोऱ्या साहेबाला सलाम ठोकलेला. मी संदीपला म्हटलं, "बघ बाबा, साहेबाची पोरगी आपल्याबरोबर रांगेत! आजोबा असायला हवे होते तुझे!"

संदीपने हसत हसत ते तिला सांगितलं. ती वळली. कमरेवर हात ठेवले. म्हणाली, "मी इंग्लिश नाही! मी वेल्श आहे! आमचा देश वेगळा, भाषा वेगळी. त्यांना सांग, इंग्रजांनी तुमच्यावर राज्य केलं ना? त्याच्या कितीतरी आधी आमच्यावर!"

मी तिला रांगेतच हात जोडले. म्हटलं, "मग तू आमच्यापेक्षा सीनियर!"

पण आतून ती बाहेर आली तेव्हा हसत नव्हती. आतल्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं होतं की वर्षभराने यायचं ते इथल्या एखाद्या ऑर्केस्ट्राचं नक्की काम हातात घेऊन. नसेल तर परत. परत म्हणजे वेल्सच्या उत्तरेला, डोंगरातल्या तिच्या गावी. तिथल्या शाळेत मुलांना बासरी शिकवायची नोकरी वडिलांनी बघून ठेवली होती.

एस-बानमध्ये सुमनने पिशवीतून लाडू काढून तिच्या हातावर ठेवला. म्हणाली, "खा. वर्ष मोठं असतं."

*

गणपतीला इथलं मराठी मंडळ एक हॉल भाड्याने घेतं. शनिवार-रविवार बघून बाप्पा बसवायचे. एलरीला घेऊन गेलो. मृणालने तिला झब्बा घातला, सुमनने टिकली लावली.

आरती सुरू झाली. आपली आरती तुम्हाला माहीत आहे. जोगळेकर साहेब वरच्या पट्टीत, बायका मधल्या, संदीपचे ऑफिसवाले दोन मित्र जिथे सापडेल त्या पट्टीत. टाळ्या एका वेगाने, झांज दुसऱ्या वेगाने. मागची रांग एक ओळ पुढे. माझी नात ओवी इथेच वाढलेली, तिला शब्द येत नाहीत, तर ती नुसतीच "आ" करत होती.

एलरी डोळे मोठे करून ऐकत होती. मला लाज वाटली. म्हटलं, एवढी शिकलेली पोर, काय म्हणेल?

आरती संपल्यावर ती जोगळेकर साहेबांकडे गेली. एकदम गंभीर. म्हणाली, "मी हे लिहायचं म्हटलं तर मला सहा महिने लागतील. इतकी माणसं, प्रत्येकाचा सूर वेगळा, प्रत्येकाचा वेग वेगळा. पण शेवटचा शब्द सगळ्यांचा एका क्षणी! एका क्षणी! हे तुम्ही कसं करता?"

साहेबांनी उपरणं सावरलं. "गेनाऊ!" म्हणाले, म्हणजे "अगदी बरोबर!" "पुढे प्रसाद असतो ना!"

*

हिवाळ्यात तिची पहिली रचना वाजायची ठरली. म्युनिकबाहेर एका खेड्यातल्या चर्चमध्ये. चार वादक, आणि तिची रचना दोन जुन्या रचनांच्या मधे, म्हणजे पोळीत पुरण लपवावं तशी. ती आम्हाला म्हणाली, "येऊ नका. थंडी आहे. कुणीच नसणार तिथे. फार तर धर्मगुरू आणि त्यांचं कुत्रं."

असं कुठे असतं का? घरच्या पोरीचं पहिलं कार्य! सुमनने बाकावर निरोप दिला. बाकावरून तो मंडळाच्या व्हॉट्सॲपवर गेला. त्या दिवशी एस-बानच्या एका डब्यात आम्हीच! बायकांनी कोटाच्या आत पैठण्या नेसलेल्या. कुणी बटाटेवडे आणलेले, कुणी चिवडा, मृणालकडे थर्मास.

चर्चवाल्यांनी पुढे थोड्याच खुर्च्या मांडलेल्या. आम्हाला बघून धर्मगुरू आधी घाबरले, मग आतून बाकडी ओढायला लागले. जोगळेकर साहेबांनी कोट काढून मदत केली.

संगीत मला किती कळलं ते विचारू नका. पण चारही वादक मध्येच थांबून फक्त श्वास घेतल्यासारखं वाजवायचे, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. संपल्यावर आम्ही टाळ्या वाजवल्या त्या आपल्या पद्धतीने, हात दुखेपर्यंत. मग दारातच वडे उघडले. चेलोवाल्याने चार खाल्ले. धर्मगुरूंनी कुत्र्यालाही एक दिला.

त्या भागातल्या छोट्या पेपरात बातमी आली. मृणालने वाचून दाखवली. तिथल्या बातमीदाराने लिहिलं होतं की ही तरुण वेल्श कंपोजर अजून नवीन आहे, पण तिला आत्ताच मोठा आंतरराष्ट्रीय चाहतावर्ग आहे!

जोगळेकर साहेब म्हणाले, "आंतरराष्ट्रीय! म्हणजे पुणे, सांगली आणि इचलकरंजी!"

*

हा किस्सा हसण्याचा नाही, पण त्याच्याशिवाय पुढचा समजणार नाही.

मृणालला सुट्टी होती. दुपारी आम्ही चौघं जेवत होतो. एलरी एव्हाना "बस", "थोडं" आणि "आजोबा" एवढं मराठी शिकली होती. ती म्हणाली, तिच्या भाषेत आजोबांना ताईद म्हणतात. तिचे ताईद खाणीत होते. दगडाची खाण, पण साधा दगड नाही. पातळ पातळ काळी पानं निघतात तो.

मी मृणालला म्हटलं, "अगं, म्हणजे पाटीचा दगड! माझं सगळं शिक्षण पाटीवरच झालं!"

एलरीला ते इतकं आवडलं! म्हणाली, "कोण जाणे, ती पाटी आमच्याच डोंगरातली असेल." मग म्हणाली, "ताईद म्हणायचे, खाणीचा भोंगा झाला की डोंगर श्वास सोडतो. आजोबा, तुमच्या मागांचा आवाज कसा होता?"

मी म्हटलं, "आवाज सगळ्यांना माहीत आहे. टेबलावर बोटं आपट, झाला माग. सांगण्यासारखी होती ती शांतता."

"कुठली?"

म्हटलं, "लाईट गेल्यावरची. आमची गल्लीच्या गल्ली मागांची. रात्रंदिवस खटखट. आणि अचानक लाईट जायची. सगळे माग एका दमात बंद. मध्येच. धाग्याचा धोटा जिथे असेल तिथे. मग असं वाटायचं की आपल्याला कुणीतरी पाण्यात बुडवलंय. कान गार पडायचे. आणि मग हळूहळू एकेक गोष्ट ऐकू यायला लागायची. सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाईच्या बांगड्या. कुणाचा तरी खोकला. पत्र्यावर कावळा चालतोय. आपला स्वतःचा श्वास. ते सगळं तिथेच होतं, पण आम्हाला तेवढाच वेळ मिळायचा ते ऐकायला."

मी आयुष्यात एका वेळी इतकं कधी बोललो नव्हतो. सुमन माझ्याकडे बघतच राहिली. मृणाल सांगता सांगता थांबली, डोळे पुसले, परत सांगायला लागली.

एलरीने घास खाली ठेवला. म्हणाली, "आजोबा, हे मी घेऊ?"

मी म्हटलं, "घे की. माझ्याकडे पडूनच आहे."

ती उठली आणि खोलीत गेली. ताट तसंच. सुमनने झाकून ठेवलं. त्या दिवसापासून तिची पेन्सिल थांबली नाही.

लाईट गेल्यावरचं मी तिला सगळं सांगितलं होतं. एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली. पण मला वाटलं, ती काही संगीताच्या उपयोगाची नाही.

*

शहरातल्या एका मोठ्या ऑर्केस्ट्राने तरुण कंपोजरांची स्पर्धा ठेवली होती. तीन जणांच्या रचना मोठ्या हॉलमध्ये वाजणार, आणि त्यातल्या एकाला पुढच्या हंगामात ऑर्केस्ट्रासाठी लिहायचं काम मिळणार. नक्की काम! कचेरीतल्या बाईंना हवं होतं तेच. एलरीने मागांची रचना पाठवली, आणि तिघांत तिचं नाव आलं. वर्ष संपायला थोडेच आठवडे उरले होते.

तालमीला तिने मला आणि सुमनला नेलं. स्टेजवर माणसंच माणसं. मधे कंडक्टर, हेर फोगेल, म्हणजे फोगेल साहेब. उंच, पांढरे केस, चेहरा असा की हसला तर दंड होईल. तोंडाने अवाक्षर नाही. सगळं हातांनी.

मी सुमनला कोपराने ढोसलं. "अगं, हा तर आमच्यातला!"

"काय म्हणता?"

"मागावर आम्ही हातांनीच बोलायचो ना. बघ, तळहात खाली केला. म्हणजे मालक आलाय, हळू घ्या. आता बोट फिरवतोय. म्हणजे चालू राहू द्या. आता त्या कोपऱ्याकडे बघून मूठ मिटली. म्हणजे तुझा माग बंद कर."

सुमन म्हणाली, "गप बसा हो. एवढा मोठा माणूस तो, आणि म्हणे माग बंद कर!"

तेवढ्यात हेर फोगेलनी दुसऱ्या रांगेकडे बघून दोन बोटं कात्रीसारखी हलवली. माझ्या तोंडून निघून गेलं, "धागा तुटला कुणाचा तरी!"

सुमन वैतागून काहीतरी बोलणार, तोच दुसऱ्या रांगेतला एक व्हायोलिनवाला उठला आणि तुटलेली तार हातात लोंबकळवत बाहेर गेला.

सुमन माझ्याकडे सरकली. मग हळूच म्हणाली, "आता काय म्हणतोय तो?"

*

स्पर्धेच्या दिवशी सगळा बाक हॉलमध्ये होता. संदीपने आदल्या दिवशी मंडळाला सूचना दिलेल्या. मध्ये टाळी नाही. "वाहवा" नाही. वडे नाहीत. खोकला आला तर गिळायचा. मला मात्र काही सांगितलं नाही. म्हणाला, "बाबांना काय सांगायचं? बाबा बोलतात कुठे?"

परीक्षक पुढे बसलेले. एलरी आमच्याच रांगेत, कडेला. तिचे हात बर्फासारखे झाले होते. सुमनने एक हात स्वतःच्या शालीत घेतला.

पहिल्या दोन रचना झाल्या. मग तिची.

आधी एकटा ढोलवाला. खट-खट. खट-खट. मग मागची तंतुवाद्यं. मग पितळी वाद्यं. थोड्या वेळाने मी त्या हॉलमध्ये नव्हतोच. मी आमच्या शेडमध्ये होतो. उजवीकडे माग दुरुस्त करणारा जॉबर उभा, डावीकडे कांड्यांची पेटी. आवाज वाढत वाढत छातीत शिरला. दात हलायला लागले. आणि—

बंद. सगळं एका दमात. मध्येच.

लाईट गेली.

आता तुम्हाला ती राहिलेली गोष्ट सांगतो. आमच्या शेडमध्ये लाईट गेली की पहिला आवाज माझा असायचा. दिवसभर तोंड न उघडणारा मी. माझा माग दाराजवळ, समोरचं हॉटेल मला आधी दिसायचं, म्हणून ते काम माझ्याकडे आलेलं. वर्षानुवर्षं. कान गार पडले की काही क्षण जाऊ द्यायचे, आणि मग पोटातून, सगळ्या शेडला जाईल अशी हाक द्यायची.

त्या भल्या मोठ्या हॉलमध्ये, त्या शांततेत, मी ती हाक दिली.

"चला, चहा!"

संदीपने डोकं दोन्ही हातांत धरलं. मृणालने डोळे मिटले. जोगळेकर साहेब छताकडे बघायला लागले, जणू मला ओळखत नाहीत. पुढचे परीक्षक एकदम मागे वळले. मी भानावर आलो. म्हटलं, झालं. पोरीचं वर्ष बुडवलं मी.

हेर फोगेलचा हात हवेत होता, तो हवेतच राहिला. ते वळले नाहीत. शांतता तशीच. मग अगदी बारीक, बांगड्या वाजाव्यात तसा कुठेतरी त्रिकोणी घंटेचा आवाज आला. मग एकटी बासरी. मग चेलो, श्वासासारखा.

संपलं तेव्हा टाळ्या थांबेनात. पण मला काही ऐकू येत नव्हतं. मी एलरीकडे बघायची हिंमत केली नाही.

परीक्षक आत गेले, बाहेर आले. एक बाई माईकवर बोलायला लागल्या. मृणाल माझ्या कानात सांगत होती. "म्हणतायत, तिघांत ही रचना वेगळी. म्हणतायत, विशेषतः ती धाडसी जागा, यंत्रं थांबल्यावर श्रोत्यांच्या मधून येणारा माणसाचा आवाज. बाबा... बाबा, त्यांना वाटलं ते लिहिलेलंच आहे! बाबा, एलरीला दिलं!"

सगळा बाक उठून उभा राहिला. वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. "वाहवा" झालं, शिट्ट्या झाल्या, कुणीतरी "गणपती बाप्पा" म्हटलं आणि अर्ध्या हॉलला कळेना हे काय!

एलरी स्टेजवर गेली. माईक घेतला. मला वाटलं, आभार मानून खाली येईल. ती म्हणाली, "ती जागा मी लिहिलेली नाही. ती आमच्या आजोबांची आहे. निर्णय बदलायचा असेल तर आत्ताच बदला."

परीक्षकांनी एकमेकांकडे बघितलं. मग माईकवाल्या बाई हसल्या. म्हणाल्या, "ज्या रचनेत श्रोता स्वतःहून बोलतो, तिला अजून काय हवं?" निर्णय बदलला नाही.

नंतर बाहेर हेर फोगेल आमच्याकडे आले. तोच चेहरा. हातात वह्यांसारखा तिच्या रचनेचा जाड गठ्ठा. त्यांनी तो एलरीसमोर उघडला, त्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यात परत वाजवायचंय. माझ्या प्रतीत ते नाही."

एलरीने केसांत खोचलेली पेन्सिल काढली. कुठल्या तरी रिकाम्या रेघांवर काहीतरी खरडलं. मग मान वर करून मला विचारलं, "आजोबा, किती मोठ्याने?"

*

तिला कार्ड मिळालं. कचेरीतल्या बाईंनी अभिनंदन केलं, तेही गोड आवाजात. ऑर्केस्ट्रासाठी तिची दुसरी रचना चालू आहे आणि खोली अजून आमचीच आहे. फ्राऊ हूबर आता पायऱ्यांवर तिला विचारतात, "मग, पुढचं कधी?"

मागांची ती रचना मग इतर शहरांत गेली. गेल्या महिन्यात ड्युसेलडॉर्फला होती. तिथला ऑर्केस्ट्रा वेगळा, कंडक्टर वेगळा, सगळी माणसं अनोळखी. एलरीने आम्हा सगळ्यांची तिकिटं काढली. या खेपेला मात्र संदीपने मला आधी समोर बसवलं. "बाबा, आता ते लिहिलेलं आहे. त्यांचा माणूस ते म्हणणार आहे. तुम्ही काही म्हणायचं नाही. वचन द्या."

दिलं वचन.

हॉल आमच्याकडच्यापेक्षा मोठा. खट-खट सुरू झालं. वाढलं. छातीत शिरलं. मी ओठ घट्ट मिटले, वरून हात ठेवला. आणि लाईट गेली.

शांतता. कान गार.

स्टेजवरच्या मागच्या रांगेतला ढोलवाला उभा राहिला. चांगला धिप्पाड, सोनेरी दाढी, काळा सूट, गळ्याला बो. त्याने छाती भरून श्वास घेतला आणि पोटातून, अगदी आमच्या शेडला जाईल अशी हाक दिली.

"चला, चहा!"

मी वचन पाळलं. तोंडातून अक्षर काढलं नाही.

फक्त उठलो, खांद्यावरचा टॉवेल झटकावा तसा मफलर झटकला, आणि रांगेतून दाराकडे निघालो.

सुमनने मागून कोट धरला. "अहो! बसा खाली! हा लिहिलेला चहा आहे!"